माणदेशी उजेडात जुनी लेन्स

औंध, खटाव, माण, आटपाडी या पट्ट्यात कुत्र्यांचे फोटो काढायला लाखाच्या घरातली लेन्स लागत नाही. कॅमेऱ्याच्या किटबरोबर आलेली आणि नंतर कपाटात पडून राहिलेली ५५-२५० किंवा ७०-३०० इथे बहुतेक काम निभावून नेते. परवडत नाही म्हणून मनाची समजूत घालावी, अशा अर्थाने मी हे सांगत नाही. इथली हवा, इथला उजेड आणि इथली कुत्री यांचा विचार केला की हिशेबच तसा निघतो. तो एकदा मांडून पाहिला की जुनी लेन्स घेताना पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही.

आधी उजेड. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव-माणमध्ये, तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. पर्जन्यछायेतला हा मुलूख शेतकऱ्याला फार छळतो. पण वर्षातले बरेच महिने इथे आभाळ मोकळं असतं, माळ उघडा असतो आणि सकाळचं ऊन झाडीत न अडकता थेट जमिनीवर उतरतं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं 'चित्ररामायण' १९१६ सालचं. यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. लेन्स घेण्याआधी तिथे एक सकाळ घालवावी, असं मी या भागातल्या प्रत्येक हौशी फोटोग्राफरला सांगतो. चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला उजेड ठेवला की डोळ्यात ठिणगी येते, काळ्या केसांतला तपशील कुठे दिसतो आणि कुठे बुडतो, हे तिथे फुकट शिकता येतं. कुत्र्याच्या फोटोतही शेवटी हेच दोन प्रश्न उरतात.

आता आकडे. लख्ख उन्हासाठी फोटोग्राफरांचा एक जुना ठोकताळा आहे: छिद्र एफ/१६ वर ठेवलं, तर आयएसओचा आकडा जितका, सेकंदाचा तितकावा भाग हा शटर स्पीड. म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. एफ/१६ वरून एफ/५.६ वर आलं की उजेड तीन पायऱ्यांनी, म्हणजे आठपट वाढतो आणि शटर १/८०० वर जातं. आयएसओ २०० केलं तर १/१६००. कुत्रं ताशी ३६ किलोमीटरने पळत असेल तर सेकंदाला दहा मीटर कापतं. १/२५० शटरला त्या क्षणात ते चार सेंटिमीटर पुढे सरकतं आणि फोटो पुसट येतो. १/१००० ला एक सेंटिमीटर, १/१६०० ला जेमतेम सहा मिलिमीटर. म्हणजे साध्या झूम लेन्सचं एफ/५.६ हे छिद्र इथल्या उन्हात पळतं कुत्रं थांबवायला पुरतं, तेही आयएसओ २०० वर. कोवळ्या उन्हात उजेड दोन पायऱ्या कमी धरा, आयएसओ ८०० होईल. गेल्या दहा-बारा वर्षांतली कोणतीही बॉडी ८०० सहज झेलते.

मग ७०-२०० एफ/२.८ साठी लोक जीव का टाकतात? ती चौपट उजेड घेते, हे खरंच. लग्नाच्या हॉलमध्ये, संध्याकाळी पुण्यातल्या दाट झाडीच्या बागेत त्या चौपटीला मोल आहे. माळावर त्या चौपटीचं करायचं काय? आयएसओ ८०० चं २०० करता येईल, एवढंच. आणि त्यासाठी सव्वा ते दीड किलोचं वजन गळ्यात घेऊन मेंढरांमागे चालायचं. कॅननची ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे.

दुसरं कारण सांगितलं जातं ते पाठीमागचं धूसर करण्याचं. इथेही हिशेब बघण्यासारखा आहे. कुत्रं फ्रेममध्ये तेवढंच मोठं ठेवलं, तर लांबवरची पार्श्वभूमी किती विरघळेल हे लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतं. ८५ एमएम एफ/१.८ चा व्यास ८५ भागिले १.८, म्हणजे सुमारे ४७ मिलिमीटर. २५० एमएम एफ/५.६ चा सुमारे ४५. जवळजवळ सारखाच! म्हणजे स्वस्त झूमच्या लांब टोकाला, मागे अर्ध्या किलोमीटरवर टेकडी असताना, पोर्ट्रेटसाठी नावाजलेल्या प्राइमइतकीच मऊ पार्श्वभूमी मिळते. भिंत कुत्र्याच्या पाठीला लागून असेल तर ही गंमत होत नाही. पण माणदेशात मोकळ्या जागेची कुठे वानवा आहे?

कोणतं कुत्रं, यावरही लेन्स ठरते. या भागात तीन प्रकार सारखे दिसतात. वाड्यावस्तीवरचं गावठी कुत्रं, मेंढरांबरोबर चालणारं धनगरी कुत्रं आणि शिकारी अंगाचं कारवान. कारवान म्हणजे खोल छाती, आत गेलेलं पोट, लांबट डोकं, आणि वासापेक्षा नजरेवर पळणारी जात. कर्नाटकात याच घराण्याला मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होतं. अशा कुत्र्याचा फोटो बाजूने, चारही पाय जमिनीवरून सुटलेले असताना खुलतो. त्याला जागा लागते, म्हणून तुम्हाला अंतर लागतं. (सशामागे कुत्री सोडून त्याचे फोटो काढायला कुणी बोलावलं तर जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद आहे, आणि कॅमेरा आला की तिला चेव येतो.)

अंतराचं गणित सोपं आहे. कॅननच्या नेहमीच्या छोट्या सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर. कुत्रं पंधरा मीटरवर असेल तर ५० एमएमच्या लेन्समध्ये जवळजवळ पावणेसात मीटर रुंदीचा माळ मावतो आणि त्यात मीटरभर लांबीचं कुत्रं हरवून जातं. २०० एमएमला ही रुंदी एक मीटर सदुसष्ट सेंटिमीटरवर येते, कुत्रं फ्रेम भरून राहतं आणि पुढे पळायला थोडी जागाही उरते. वीस मीटरवर २५० एमएमला एक मीटर अठ्ठ्याहत्तर. म्हणून माळावरच्या कुत्र्यासाठी २०० ते ३०० एमएमची पोहोच हवी. एफच्या आकड्यापेक्षा हा आकडा आधी बघा.

लांब पोहोचेचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला तांत्रिक कारणांहून महत्त्वाचं वाटतं. कुत्र्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावा, हे सगळेच सांगतात. पण आपल्याकडे गावातल्या कुत्र्यासमोर माणूस खाली वाकला की कुत्रं एकच अर्थ काढतं: दगड उचलतोय. एक तर ते शेपूट घालून पळतं, नाहीतर अंगावर येतं. दोन्हीत फोटो गेला. तेव्हा ते लांब असतानाच बसून घ्यायचं, कॅमेरा मांडीवर ठेवायचा आणि त्याला त्याच्या चालीने येऊ द्यायचं. वीस मीटरवरून काम करणारी लेन्स असेल तर हे जमतं. मेंढरांच्या राखणीला असलेलं कुत्रं तर आणखी वेगळं. या माळांवर अजून लांडगे आहेत आणि त्या कुत्र्याचं कामच परक्याला अडवण्याचं आहे. आधी मेंढपाळाला लांबून हाक मारायची, बोलायचं, विचारायचं. मग कॅमेरा काढायचा. पिलं पाजणाऱ्या कुत्रीजवळ तर अजिबात जाऊ नये.

तर मग घ्यायचं काय? कॅनन वापरणाऱ्याने आधी ५५-२५० बघावी. तिचे तीन अवतार बाजारात फिरतात: २००७ ची पहिली, २०११ ची 'टू' आणि २०१३ ची एसटीएम. दिसायला बहिणी, पण पहिल्या दोघींची फोकसची मोटर संथ आहे आणि फोकस करताना पुढची काच गोल फिरते. एसटीएम चटकन आणि जवळजवळ आवाज न करता फोकस धरते. जुन्या बाजारात ती साधारण दहा हजारांच्या आतबाहेर मिळते आणि थोडे जास्त पैसे देऊनही तीच घ्यावी. लेन्सवर एसटीएम ही अक्षरं आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. विकणाऱ्याला अनेकदा फरक माहीत नसतो. निकॉनवाल्याने २००६ सालची ७०-३०० एएफ-एस व्हीआर बघावी. ७४५ ग्रॅमची, थोडी जड, पण दणकट. एएफ-पी जातीची ७०-३०० हलकी आणि फारच चपळ आहे. मात्र जुन्या बऱ्याच निकॉन बॉड्यांवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही. आपल्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय ती घेऊ नये. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉड्यांत फोकसची मोटर नसते. त्यांच्यावर एएफ-डी जातीची लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो, आणि पळत्या कुत्र्यावर ते होत नाही. स्वस्त मिळते म्हणून अनेकजण इथे फसतात.

ऑटोफोकसची चपळाई हीच खरी पैसे घालायची जागा आहे. लेन्स हलणं थोपवणारी यंत्रणा, आयएस म्हणा की व्हीआर, तुमच्या हाताची थरथर सावरते. कुत्र्याचा वेग ती थांबवत नाही. १/१००० च्या वर तिचा उपयोग तसाही कमी होतो. तेव्हा दोन लेन्सपैकी एकीत स्थिरीकरण आणि दुसरीत जलद मोटर असेल, तर मी दुसरी घेईन.

घरातल्या, सोप्यातल्या, गोठ्यातल्या कुत्र्यासाठी मात्र झूम पुरत नाही. तिथे एफ/१.८ ला एफ/५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड मिळतो. ५० एमएम एफ/१.८ ही या कामाची सगळ्यात स्वस्त लेन्स. कॅननमध्ये १९९० ची प्लास्टिक माउंटची 'टू' आणि २०१५ ची धातूच्या माउंटची एसटीएम यांत दुसरीच घ्या, ती १६० ग्रॅमची आहे आणि पस्तीस सेंटिमीटरवरही फोकस धरते. थोडी ऐपत असेल तर ८५ एमएम एफ/१.८. कॅननची ही लेन्स १९९२ ची आहे, म्हणजे तिशी उलटलेली, पण तिची फोकसची मोटर आजही झपाट्याची वाटते. फक्त एक सांभाळा. ८५ एमएमवर दोन मीटरवरून एफ/१.८ ने फोटो घेतला तर स्पष्टतेची खोली चारच सेंटिमीटर मिळते. कारवानाच्या लांब थोबाडात नाकापासून डोळ्यापर्यंतच त्याहून जास्त अंतर असतं. डोळ्यावर फोकस धरला की नाक विरघळतं. एफ/५.६ वर ही खोली बारा सेंटिमीटरच्या जवळ जाते. गोल तोंडाच्या पिलाला एफ/१.८ शोभतो, कारवानाला एफ/४ च्या पुढेच जा.

आणि १८-५५ ने जवळ जाऊन काढलेल्या फोटोत नाक टरबुजासारखं मोठं आणि कान बारीक का दिसतात? दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. नाक कॅमेऱ्यापासून तीस सेंटिमीटरवर आणि कान पंचेचाळीसवर असतील तर नाक दीडपट मोठंच दिसणार. दोन मीटर मागे सरका, फरक उरत नाही.

आता बाजार. हा काळ जुन्या लेन्स घेणाऱ्यासाठी चांगला आहे. २०१८ मध्ये कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माउंट आणले, मिररलेसकडे लोक वळले आणि त्यांच्या ईएफ व एफ माउंटच्या लेन्स बाजारात आल्या. उद्या तुम्हीही मिररलेस घेतलीत तरी ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालते, आणि नव्या बॉड्या कुत्र्याचा डोळा स्वतः शोधतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून एएफ-एस चालेल, एएफ-डी हातानेच फिरवावी लागेल. माल कुठून येतो, तेही बघा. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या ७०-२०० ने दहा-बारा हंगाम काढलेले असतात. तिचं रबर सैल, माउंट झिजलेलं. पण त्याच माणसाकडे जोडीला मिळालेली ५५-२५० बहुधा खोक्यातच असते, कारण लग्नात ती कामाची नव्हती. मायणीच्या तलावावर पक्षी टिपायला येणारे हौशी लोक १५०-६०० घेतात, तेव्हा त्यांची ७०-३०० मोकळी होते. पक्ष्यांवाल्यांनी ती सहसा जपून वापरलेली असते. मला विचाराल तर मी आधी यांनाच विचारेन. मुंबईच्या बोरा बाजारात आणि पुण्यातल्या दुकानांत नंतर जाईन.

लेन्सचं वय किती याआधी ती कुठे राहिली, हे विचारा. चिपळूण, महाबळेश्वर, मुंबईच्या खाडीकाठची लेन्स पाच वर्षांची असली तरी तिला बुरशी धरलेली असू शकते. दहिवडीच्या कपाटातली पंधरा वर्षांची लेन्स आतून स्वच्छ निघू शकते. बुरशीचे कण सगळ्याच हवेत असतात. पण आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली आणि लेन्स अंधारात बंद राहिली, तरच ते काचेवर रुजतात. रुजले की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात आणि काचेवरचा लेप खातात. साफ केल्यावरही लेपावर खुणा राहतात. त्यामुळे बुरशीची लेन्स किती स्वस्त दिली तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत. आपल्या कोरड्या हवेत बुरशीचं भय कमी, पण धूळ आहे. झूम लेन्स लांबवताना आत हवा ओढते आणि त्या हवेबरोबर मेंढरांच्या वाटेवरची बारीक माती आत जाते. म्हणून इथल्या माणसाकडून घेताना झूमची रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, कान लावा. खरखर लागली तर सोडून द्या. आत धुळीचे चार कण दिसले तर त्यांनी फोटोत काही होत नाही, त्यावरून भाव पाडून घ्या आणि घ्या.

मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत सोडा आणि पुढून तिरकं बघा. बुरशी आणि धुरकट लेप यातच दिसतात. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही, कारण ती सेन्सरच्या जवळ असते. छिद्र एफ/११ वर आणि शटर तीन-चार सेकंदांवर ठेवून फोटो घ्या आणि त्या वेळात पुढून आत बघा: पात्यांवर तेलाचा ओलसरपणा नको. हाच फोटो झूमच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर घ्या. जुन्या झूममध्ये आतली चपटी केबल दुमडून दुमडून तुटते, आणि तेव्हा कॅमेरा एखाद्याच लांबीवर एरर दाखवतो; एका ठिकाणी तपासून हे कळत नाही. मग विटांच्या भिंतीसमोर, भिंतीला समांतर उभं राहून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून एक फोटो. चारही कोपरे मोठे करून बघा. तीन कोपऱ्यांत विटांच्या सांधी स्पष्ट आणि एकात पुसट असतील तर लेन्स कधीतरी पडली आहे आणि आतली काच कललेली आहे. हा दोष दुरुस्त करायला लेन्सच्या किमतीइतका खर्च येऊ शकतो.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. पुडी ओली झाली की बदला. माळावर लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली ठेवून. उन्हाळ्यात दुपारी नांगरलेल्या रानावरून तापलेली हवा हेलकावे खात वर चढते, आणि पन्नास मीटरवरचं कुत्रं कोणत्याही लेन्समध्ये थरथरतं. तेव्हा लेन्सला दोष देऊ नका, सावलीत बसा.

पैसे देण्याआधीची शेवटची परीक्षा पळत्या कुत्र्यावरच घ्यावी, आणि चांगला विकणारा तिला नाही म्हणत नाही. कुणाचं तरी ओळखीचं, माणसाळलेलं कुत्रं आणि त्याचा मालक बरोबर न्या. फोकस सतत बदलता ठेवणारा मोड लावा, मधला एकच फोकस बिंदू निवडा, शटर १/१६०० आणि छिद्र पूर्ण उघडं. दुसऱ्या कुणाला तरी कुत्र्याला तीस मीटरवर धरायला सांगा, मालकाने तुमच्या मागून हाक मारावी. ते सरळ तुमच्याकडे येत असताना सलग फोटो घेत राहा, कारण समोरून येणारं कुत्रं हीच ऑटोफोकसची सगळ्यात कठीण वेळ. कुत्रं काळं असेल तर एक्स्पोजर एका पायरीने कमी करा. काळ्या अंगाला बघून कॅमेरा नको तेवढा उजेड घेतो. पांढऱ्याला उलट, थोडं वाढवा. नंतर फोटो मोठे करून फक्त डोळे बघा. निम्म्याहून जास्त फोटोंत डोळे स्पष्ट असतील तर ती लेन्स घ्या. सुरुवातीचे दोन-चार स्पष्ट आणि कुत्रं जवळ येईल तसे सगळे पुसट असतील, तर मोटर मागे पडते आहे. अशी लेन्स बसलेल्या कुत्र्यापुरतीच ठीक, आणि बसलेल्या कुत्र्यासाठी ५० एमएम तिच्याहून स्वस्त मिळते.